कमान कोणत्या बाजूला वळते?

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चालू आहे. खोलीत अंधार, पोटावर गार जेल, आणि बाळाने नेमकी पाठ वर करून ठेवलेली. थोडे चालून या, पाणी पिऊन या, असे सांगून झाले आहे. अखेर बाळ वळते. हृदयाचे चार कप्पे दिसतात, झडपांची उघडझाप दिसते, आणि पडद्याकडे मान वळवून पाहणाऱ्या आईला वाटते की हृदय तपासून झाले. डॉक्टर मात्र प्रोब बाळाच्या डोक्याच्या दिशेने आणखी किंचित सरकवतात. चार कप्पे नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन जाड नळ्या येतात. एकमेकींकडे झुकत त्या पाठीच्या कण्याच्या डाव्या अंगाला जाऊन मिळतात. एक महाधमनीची कमान, दुसरी डक्टस, म्हणजे फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी गर्भातली नळी. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा हा आकार, आणि त्याच्या उजवीकडे श्वासनलिकेचा पांढऱ्या काठाचा काळा ठिपका. विसाव्या आठवड्यात कमानीचे शेवटचे टोक दोन-तीन मिलिमीटर रुंद असते, ज्वारीच्या दाण्याहून बारीक.

ही कमान डावीऐवजी उजवीकडे वळलेली असू शकते, दोन्हीकडे असू शकते, चिंचोळी किंवा मध्येच तुटलेली असू शकते. कधी तिची एखादी फांदी आडवाटेने गेलेली असते. तीस वर्षांपूर्वी यातले बहुतेक जन्माआधी कुणाला दिसत नसे. आता दिसते. त्यामुळे प्रश्नही पुढे सरकला आहे: दिसले त्याचे काय करायचे, आणि आईबापांना ते कोणत्या शब्दांत सांगायचे. यावर जाणकारांचे एकमत नाही. प्रत्येक दोषागणिक मतभेदाचे कारणही वेगळे आहे, म्हणून ते एकेक करूनच पाहावे लागतात.

पाटीवरच्या पुसलेल्या रेघा

गर्भाच्या चौथ्या आठवड्यापासून हृदयातले रक्त पाठीकडे नेण्यासाठी मानेच्या भागात धमन्यांच्या कमानी जोडीजोडीने तयार होऊ लागतात, माशाच्या कल्ल्यांना रक्त पोचवणाऱ्या कमानींच्या धर्तीवर. सगळ्या एकाच वेळी हजर नसतात. पुढची येते तोवर आधीची विरत जाते. आठव्या आठवड्याच्या सुमारास जे उरते ते साधारण कायमचे. चौथ्या जोडीतली डावी बाजू महाधमनीच्या कमानीत राहते, सहाव्यातली डावी बाजू डक्टस होते, आणि चौथ्यातल्या उजव्या बाजूपासून उजव्या हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीचा सुरुवातीचा भाग घडतो. पाठ्यपुस्तके अशा सहा जोड्या मोजतात. त्यांतल्या पाचवीचे अस्तित्व हा स्वतंत्र वाद आहे. व्हॅन प्राघ दांपत्याने १९६९ मध्ये टिकून राहिलेल्या पाचव्या कमानीचे वर्णन केले. रॉबर्ट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसात अशी कमान असते हेच पटत नाही. सोनोग्राफी करणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नाही, म्हणून तो वाद इथेच सोडू.

सगळे दोष एका सूत्रात बसवण्याची युक्ती अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट जेसी एडवर्ड्स यांनी १९४८ मध्ये सुचवली. त्यांनी एक काल्पनिक चित्र काढले: श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दोन कमानी, आणि दोन्ही बाजूंना एकेक डक्टस. पाटीवर हे पूर्ण चित्र काढायचे आणि मग एखादी रेघ पुसायची. उजवीकडची ठरावीक रेघ पुसली की नेहमीची डावी कमान उरते. डावीकडची पुसली की उजवी कमान. काहीच पुसले नाही तर दुहेरी कमान, म्हणजे श्वासनलिकेभोवती पुरे कडे. आजही शिकाऊ डॉक्टरला हे दोष समजावताना कागदावर हेच चित्र काढले जाते, आणि माझ्या पाहण्यात याहून सोपी वाट नाही.

हे दोष ठाऊक झाले ते शवविच्छेदनातून. दुहेरी कमानीचे वर्णन १७३७ मध्ये होमेलने केले. इंग्लंडमधल्या डेव्हिड बेफर्डचा १७९४ मध्ये छापलेला लेख एका बाईचा आहे. गिळण्याचा त्रास तिने वर्षानुवर्षे सोसला आणि अखेर अन्नावाचून ती गेली. तपासणीत उजव्या हाताची धमनी भलत्याच जागेवरून निघालेली सापडली. बेफर्डने त्या प्रकाराला 'निसर्गाची थट्टा' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले, ते अजून वापरात आहे. जिवंत माणसात असा दोष ओळखण्यासाठी १९३६ साल उजाडले: जर्मनीच्या कोमेरेलने बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेवर धमनीच्या मुळाशी असलेला फुगवटा दाखवला. १९४५ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी लहान मुलाच्या श्वासनलिकेभोवतीचे कडे शस्त्रक्रियेने कापून मोकळे केले. एक्स-रे असो की शस्त्रक्रिया, इथवरचा प्रत्येक टप्पा जन्मानंतरचा होता.

चार कप्प्यांच्या वर

गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी शास्त्रशुद्ध पायावर उभी राहिली ती १९८० च्या सुमारास. त्यात लंडनच्या लिंडसे ॲलन यांचा वाटा मोठा. पुढच्या दशकात चार कप्प्यांचे दृश्य सर्वसाधारण तपासणीत आले आणि अनेक गंभीर दोष जन्माआधी सापडू लागले. कमानीचे दोष मात्र निसटत राहिले, कारण ते चार कप्प्यांच्या पातळीवर नसतातच. खोल्या पाहून घर पसंत करावे आणि गच्चीकडे जाणारा जिना बघायचाच राहावा, तसे.

कोरियातल्या यू आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये छातीच्या वरच्या भागातले तीन रक्तवाहिन्यांचे दृश्य मांडले. इस्राएलच्या सिमखा यागेल यांच्या गटाने २००२ मध्ये त्यात श्वासनलिकेची जोड दिली. ही जोड किरकोळ वाटते, पण कमान उजवी की डावी हे श्वासनलिकेच्या संदर्भानेच ठरते. नेहमीचे चित्र म्हणजे श्वासनलिकेच्या डावीकडे 'व्ही'. कमान उजवीकडून आणि डक्टस डावीकडून गेली तर श्वासनलिका मधोमध सापडते आणि 'यू' दिसतो. दोन्ही कमानी टिकल्या तर रंगीत डॉपलरवर इंग्रजी ९ किंवा ६ च्या आकड्यासारखा वेढा उमटतो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती लेखांत फार येत नाही. हे सगळे वाचण्याआधी बाळाचे डावे कोणते ते ठरवावे लागते. बाळ डोके खाली करून आहे की पायाळू, पाठ आईच्या कोणत्या कुशीला आहे, आणि प्रोबवरची खूण कुठे आहे, ही तीन उत्तरे जुळली तरच पडद्यावरचे डावे हे बाळाचे डावे. प्रोब हातात उलटा आला की सरळ कमान उजवी दिसते. उजव्या कमानीचा संशय आला की मी आधी जठर कुठल्या बाजूला आहे ते पुन्हा पाहते, आणि मगच तोंड उघडते.

ब्रिटनने २०१५ मध्ये राष्ट्रीय गर्भतपासणी कार्यक्रमात श्वासनलिकेसह तीन वाहिन्यांचे दृश्य समाविष्ट केले. प्रसूती-सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत ते जमेल तिथे घ्यावे असे म्हटले होते. २०२३ च्या सुधारित आवृत्तीत ते नेहमीच्या तपासणीचा भाग झाले. दहा वर्षांत 'जमल्यास' हा शब्द गळाला. निदानाच्या तंत्राबद्दलचा मूळ वाद इथे बहुतांशी मिटला. पुढचे मतभेद निदानानंतरचे आहेत.

जे अजून घडलेले नाही

सर्वात अवघड प्रश्न कमानीच्या चिंचोळेपणाचा, म्हणजे कोआर्क्टेशनचा. जन्मजात हृदयदोषांत तो विरळा नाही आणि वेळेवर ओळखला तर त्यावर उपचार चांगले होतात. तरीही जन्माआधी सर्वात कमी सापडणाऱ्या मोठ्या दोषांत त्याची गणना होते, आणि विरोधाभास असा की सर्वात जास्त खोटा इशाराही तोच देतो.

कारण समजायला गर्भातला रक्तप्रवाह पाहावा लागतो. पोटातल्या बाळाची फुप्फुसे काम करत नाहीत. उजव्या बाजूने निघालेले बहुतेक रक्त डक्टसमधून थेट खालच्या महाधमनीत जाते. कमानीचे शेवटचे टोक, म्हणजे इस्थमस, हृदयाने फेकलेल्या एकूण रक्तापैकी जेमतेम दहावा हिस्सा वाहते. ते मुळातच बारीक असते आणि थोडे अधिक बारीक असले तरी पोटात काही बिघडत नाही. बिघडते जन्मानंतर, डक्टस मिटू लागल्यावर. डक्टसची आकसणारी पेशीजाळी शेजारच्या महाधमनीलाही वेढून असली तर ती मिटताना महाधमनीलाही आवळते. पाचव्या किंवा आठव्या महिन्यात हा दोष शोधणे म्हणजे जे अजून घडलेलेच नाही त्याचे निदान करणे.

हाती असतात त्या आडून मिळणाऱ्या खुणा. उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा, फुप्फुसधमनी महाधमनीहून बरीच रुंद, इस्थमसचे माप गर्भाच्या वयाच्या मानाने कमी, जोडाच्या जागी आत आलेली कंगोऱ्यासारखी घडी. यातली पहिली खूण शेवटच्या तीन महिन्यांत निरोगी बाळातही थोडीफार दिसते. डाव्या बाजूची जादा महाशीर टिकून राहिली असेल तरी ती दिसते. लंडनच्या शार्लंड, चॅन आणि ॲलन यांनी १९९४ मध्येच या अडचणींवर लेख लिहिला होता. त्याच्या शीर्षकातच अडचणी हा शब्द आहे.

मतांचे दोन प्रवाह दिसतात. एकांचे म्हणणे, संशय येताच नोंदवावा. ब्रिटनमधून २००२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात जन्माआधी निदान झालेल्या बाळांची स्थिती शस्त्रक्रियेपूर्वी चांगली होती आणि जगण्याचे प्रमाणही अधिक होते. निदान नसलेले बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हसतखेळत घरी जाते. आठवड्याभरात डक्टस मिटते, पाय गार पडतात, बाळ दूध ओढेनासे होते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत कोसळलेले असते. आधी माहीत असेल तर प्रोस्टाग्लँडिनचे सलाइन लावून डक्टस उघडी ठेवता येते आणि शस्त्रक्रिया घाईत करावी लागत नाही. जन्मानंतर पायाच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्यावर विसंबावे तर तो नेमका या दोषाला बरेचदा चुकतो, कारण रक्तातला ऑक्सिजन कमी झालेला नसतो. रक्तच पुरेसे पोचत नसते.

दुसऱ्यांचे म्हणणेही तितकेच ठोस आहे. अनेक केंद्रांच्या अनुभवात संशय घेतलेल्या बाळांपैकी निम्म्या किंवा त्याहून कमी बाळांत हा दोष खरोखर निघतो. बाकीच्या आयांनी तीन-चार महिने धास्तीत काढले, घर सोडून मोठ्या शहरात बाळंतपण केले. बाळ जन्मताच अतिदक्षता विभागात गेले, अंगावर पाजणे लांबले, काहींना प्रोस्टाग्लँडिनही सुरू झाले, आणि त्याने कधीकधी श्वास अडखळतो. पाचव्या-सहाव्या दिवशी डक्टस मिटली, कमान नीट निघाली, सगळे घरी गेले.

मधली वाट काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. एका मापावर न विसंबता इस्थमसचे वयानुरूप गुणांकन, डक्टसशी गुणोत्तर, घडी आणि प्रवाहाची दिशा एकत्र धरणारी सूत्रे मांडली गेली, आणि एकाच वेळच्या मापापेक्षा दर काही आठवड्यांनी घेतलेली मापे अधिक बोलकी असतात यावर बऱ्यापैकी सहमती आहे. पण जे सूत्र ज्या केंद्राने रचले ते तिथे चांगले चालते आणि दुसरीकडे थोडे कमी, हा अनुभव वारंवार येतो. अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न आहे. कॅलिपर कुणाच्या हातात आहे यावरही तो ठरतो. माझा स्वतःचा कल संशय नोंदवण्याकडे आहे, पण 'दोष आहे' असे न लिहिता 'जन्मानंतर आठवडाभर जांघेतली नाडी आणि इको पाहावा' असे लिहिण्याकडे.

कमान पूर्ण तुटलेली असण्याचा प्रकार बराच विरळा, आणि त्यात वादही कमी. सेलोरिया आणि पॅटन यांनी १९५९ मध्ये तुटण्याच्या जागेवरून त्याचे ए, बी, सी असे तीन प्रकार केले. सोबत हृदयाच्या पडद्याला बहुधा छिद्र असते, म्हणून तो एरवीही नजरेत येतो. बी प्रकारातल्या निम्म्याच्या आसपास बाळांत बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे जनुकीय तपासणी सुचवण्याबाबत सहसा दुमत होत नाही.

श्वासनलिकेभोवतीचे कडे

उजवी कमान साधारण हजारात एका गर्भात आढळते. ती दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी येते. फांद्यांची रचना आरशातल्यासारखी उलटी असेल तर बऱ्याचदा हृदयातही दोष असतो; फॅलो टेट्रालॉजी या हृदयदोषाच्या सुमारे पाव बाळांत कमान उजवी असते. डाव्या हाताची धमनी सर्वात शेवटी, मागच्या बाजूने निघत असेल आणि डक्टस डावीकडे असेल, तर हृदय बहुधा निरोगी असते, पण श्वासनलिका आणि अन्ननलिका एका सैलसर कड्यात सापडतात. दुहेरी कमानीत हे कडे घट्ट. तिच्यात उजवी कमान बहुधा मोठी असते आणि डावी बारीक.

या कड्यांच्या बाबतीत जन्माआधीची सोनोग्राफी जन्मानंतरच्या इकोपेक्षा वरचढ ठरते, हे वाचकाला विचित्र वाटेल. गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात, त्यामुळे ध्वनिलहरी आरपार जातात. डक्टसमधून रक्त वाहत असल्याने कड्याची ती बाजू रंगीत दिसते. जन्मानंतर फुप्फुसात हवा भरते, डक्टस मिटून दोरीसारखा बंध होतो, दुहेरी कमानीतली डावी बाजूही कधी मिटते. कडे तिथेच असते, पण रक्त वाहत नाही म्हणून इकोला दिसत नाही. पाचव्या महिन्याचा रिपोर्ट आणि जन्मानंतरचा 'नॉर्मल' इको जुळत नाहीत तेव्हा पहिला चूक असेलच असे नाही, हे बालरोगतज्ज्ञांनाही नव्याने समजून घ्यावे लागले.

पहिला मतभेद जनुकीय तपासणीचा. बाकी सगळे ठीक असताना केवळ उजवी कमान दिसली तर ॲम्निओ, म्हणजे गर्भजल काढून तपासणी, करायची का? २०१६ मध्ये द'अँतोनियो आणि सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांची माहिती एकत्र केली. हृदयात दुसरा दोष नसलेल्या गटात गुणसूत्रांतील दोष सुमारे ९ टक्के आणि त्यातच बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. काहींच्या मते सर्वांना मायक्रोॲरे ही गुणसूत्रांची बारीक तपासणी सुचवायला एवढे प्रमाण पुरेसे आहे, कारण ॲम्निओने गर्भ जाण्याचा धोका आता हजारात एक ते तीन एवढाच धरतात. काही जण म्हणतात की हे आकडे मोठ्या संदर्भ केंद्रांचे, म्हणजे आधीच निवडून आलेल्या गर्भांचे आहेत. या गुणसूत्र-दोषात बहुधा लहान राहणारी थायमस ग्रंथी नीट दिसत असेल आणि इतर काही नसेल तर धोका कमी होतो. आईच्या रक्तावरची एनआयपीटी आता या तुकड्यासाठीही मिळते, पण तिच्यावर ॲम्निओइतका भरवसा कोणी ठेवत नाही.

दुसरा मतभेद अधिक खोल आहे. जन्मलेल्या बाळाला काहीच त्रास नसेल तर काय करायचे? वर सांगितलेल्या संकलनात सुमारे चौथ्या हिश्श्याला कड्याची लक्षणे झाली आणि सुमारे १७ टक्क्यांना शस्त्रक्रिया लागली. लक्षणे म्हणजे श्वास घेताना घुरघुर, वारंवार खोकला, वरचे अन्न सुरू झाल्यावर घास अडकणे. अशा मुलांना वर्षानुवर्षे बाळदम्याची औषधे चालू राहिल्याचे कुठल्याही बाल-शल्यविशारदाला माहीत असते. थांबून पाहावे, या मताचे डॉक्टर सांगतात की बहुसंख्य मुले ठीक असतात आणि तान्ह्याला सीटी स्कॅनचे किरण किंवा भूल देऊन दुर्बीण कशाला. उलट मताचे डॉक्टर लंडनसारख्या केंद्रांचे अनुभव दाखवतात, जिथे वरवर त्रास नसलेल्या बाळांतही दुर्बिणीने पाहता श्वासनलिका दबलेली आढळली. लक्षण नाही असे आई म्हणते तेव्हा तिने दुसऱ्या कोणत्या बाळाचा श्वास ऐकलेला असतो, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. पण दबलेली नलिका आपोआप मोठी होत जाते की पुढे त्रास देते, याचे उत्तर दुर्बीण देत नाही. दुहेरी कमानीत लवकर शस्त्रक्रियेकडे कल बराच आहे. उजव्या कमानीच्या सैल कड्यात केंद्रागणिक पद्धत बदलते.

आडवाटेने गेलेली फांदी

बेफर्डच्या बाईत सापडलेला प्रकार आता रोजच्या सोनोग्राफीत दिसतो. कमान डावीच, पण उजव्या हाताची सबक्लेव्हियन धमनी सर्वात शेवटी निघून श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. तिला आर्सा म्हणतात. रंगीत डॉपलरचा वेग कमी ठेवून नीट शोधली तर ती दिसते. शेजारच्या ॲझायगस शिरेला धमनी समजून फसगतही होते. सर्वसाधारण लोकांत शेकडा एक-दीड जणांत ती असते आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो.

बर्लिनच्या राबी शावी यांनी २००५ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भांत ही धमनी बरीच जास्त आढळते असे दाखवले; पुढच्या अभ्यासांतही हे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याच्या आसपास राहिले. झाले, एक निरुपद्रवी फांदी 'मार्कर' बनली. २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणाने दुसरी कोणतीही खूण नसताना ती सापडली तर डाउनची शक्यता सुमारे चौपट होते असे मांडले. चौपट हा शब्द ऐकायला भयंकर, पण आधीच्या तपासणीने धोका पाच हजारात एक ठरवला असेल तर तो साडेबाराशेत एक होतो. हा गुणाकार-भागाकार खोलीत बसून समजावायला वीस मिनिटे लागतात, आणि आईच्या कानात उरतो तो 'चौपट'.

इथे तीन भूमिका आहेत. दिसले ते लिहावे आणि पूर्वीच्या धोक्याला गुणून सांगावे, ही पहिली. डबल मार्कर किंवा एनआयपीटी ठीक असेल तर ते मार्कर म्हणून धरूच नये, फक्त हृदयाची रचना पुन्हा नीट पाहावी, ही दुसरी. मुद्दाम शोधूच नये, ही तिसरी. तिचे समर्थक थोडे आहेत पण त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एनआयपीटी जिथे सहज परवडते तिथे दुसरी भूमिका पसरत चालली आहे. जिथे परवडत नाही तिथे पहिलीच उरते.

यंत्रांकडून अपेक्षा

हृदयाचे अनेक ठोके जुळवून त्रिमित चित्र बांधणारी स्टिक पद्धत २००३ च्या सुमारास आली. कमानीच्या गुंतागुंतीच्या दोषांत तिने शिकवायला आणि शल्यविशारदाला दाखवायला मदत केली. नेहमीच्या निदानात तिचे योगदान मर्यादित राहिले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डेव्हिड लॉइड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गर्भाच्या हालचाली दुरुस्त करून घेतलेल्या एमआरआयची त्रिमित चित्रे छापली. ती पाहताना कमान आणि श्वासनलिका हातात धरून फिरवल्यासारखी वाटतात. कॅलिफोर्नियातल्या रीमा अर्नाउट यांच्या गटाने २०२१ मध्ये लाखाहून अधिक चित्रांवर संगणकाला पाच ठरावीक दृश्ये ओळखायला शिकवले. श्वासनलिकेचे दृश्य त्यांतले एक. यंत्र दृश्य ओळखेल, दोषाचा इशाराही देईल. पण कोआर्क्टेशनच्या बाबतीत चित्रात उत्तर नसतेच, ते पुढच्या आठवड्यांत घडायचे असते.

आपल्या खोलीत

महाराष्ट्रात हा सगळा विषय एका वेगळ्या चौकटीत येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे प्रत्येक गर्भवतीचा कायद्याने सक्तीचा एफ फॉर्म भरून मगच प्रोब हातात घ्यायचा. ब्रिटनमध्ये ही तपासणी प्रशिक्षित सोनोग्राफर करतात. आपल्याकडे गर्भाची सोनोग्राफी नोंदणीकृत, पात्र डॉक्टरनेच करायची असते. म्हणून ब्रिटनसारखे मोठ्या संख्येने तंत्रज्ञांना शिकवून श्वासनलिकेचे दृश्य सार्वत्रिक करण्याचे प्रारूप इथे जसेच्या तसे उचलता येत नाही. दिवसाला चाळीस-पन्नास पेशंट पाहणाऱ्या तालुक्याच्या सेंटरमध्ये प्रोब आणखी सरकवायला किती वेळ उरतो, हा प्रश्न मार्गदर्शिकेत नसतो.

दुसरी चौकट आठवड्यांची. २००८ मध्ये हृदयदोष असलेल्या गर्भाबाबतची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली तेव्हा गर्भपाताची मर्यादा २० आठवडे होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती काही वर्गांसाठी २४ झाली, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे गेला. कमानीचे बहुतेक दोष उपचाराने बरे होणारे असल्याने तो प्रश्न सहसा कमानीमुळे उठत नाही. तो उठतो जनुकीय रिपोर्टमुळे. विसाव्या आठवड्यात उजवी कमान दिसली, एकविसाव्यात ॲम्निओ झाली, मायक्रोॲरेला दोन-तीन आठवडे लागले, की चोविसावा आठवडा दारात उभा. घाईत घेतलेल्या निर्णयांबद्दल इथे ठाम मत देणे सोपे नाही; पण तपासणी अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यातच झाली तर निदान विचाराला सवड मिळते, हे सगळ्याच बाजूंना मान्य आहे.

जन्मानंतरची बाजू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत जातात. कोआर्क्टेशनचे बाळ मात्र पहिल्या पंधरवड्यात घरी असते, पथकाच्या वाटेच्या आधी. त्या काळात त्याच्या जांघेला हात लावून नाडी पाहणारे कोणी असेल तर ती घरी भेट देणारी आशा किंवा परिचारिका, आणि त्यांना ते शिकवायचे की नाही यावर अजून पुरेशी चर्चा झालेली नाही.

पन्नाशीतला फुगवटा

कोमेरेलने १९३६ मध्ये दाखवलेला फुगवटा आजही प्रश्न विचारतो. आडवाटेने जाणारी सबक्लेव्हियन जिथून निघते तिथे तो असतो, विशेषतः उजव्या कमानीत. काही प्रौढांत तो मोठा होत जातो आणि फाटण्याची भीती असते, म्हणून तो काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया होतात. किती मोठा झाला की काढावा, याचे माप शल्यविशारद वेगवेगळे सांगतात. लहानपणी कडे मोकळे करताना तोही काढावा का, की ठेवावा, हेही ठरलेले नाही.

हा त्रास बहुधा मध्यम वयात दिसतो. आणि तीन वाहिन्यांचे दृश्य आले १९९७ मध्ये, श्वासनलिकेची जोड मिळाली २००२ मध्ये. जन्माआधी निदान होऊन काहीही त्रास न होता वाढलेली पहिली मुले आज फार तर विशीत आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने विचारले होते, 'हिला मोठेपणी काही होईल का?' मी तिला सांगितले की रिपोर्ट जपून ठेवा, लग्न झाले तरी सोबत द्या. तिने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या घडीत ठेवला.